एटापल्लीचा मुक्काम
आलापल्लीचें सागवान मागें टाकून आम्ही एटापल्लीस पोंचलों तों दिवस मावळला होता. विश्रामगृह भरलेलें, लॉजचें भाडें खिशास न परवडणारें. ओळखीच्या गुरुजींनीं जवळच्या माडिया खेड्यांतील गोटुलांत नेलें, तेव्हां मन कचरलें हें कबूल केलें पाहिजे. एल्विनसाहेबांच्या १९४७ च्या ग्रंथामुळें गोटुल म्हणजे बस्तरच्या मुरिया तरुणतरुणींचें शयनगृह, एवढेंच आम्हांस ठाऊक. इकडे मात्र तें गांवचें चावडीघरच. सभाहि येथें, पाहुण्यांचा उताराहि येथेंच. घरच्या मंडळींस सतरंजी अंथरतां अंथरतां हें समजावून द्यावें लागलें!

रात्रीं ढोल घुमूं लागला. मुलींनीं हातांत हात गुंफून फेर धरला; ओळ एकीकडून, ‘रेला’चें पालुपद दुसरीकडून. पॅरिसच्या तळघरांत तिकीट काढून जाझ ऐकणारे वादकांच्या आयत्या वेळच्या रचनेवर खूष होतात. येथें आमच्या चिखलांत रुतलेल्या गाडीवरहि कडवें झालें, असें गुरुजींनीं हंसत सांगितलें.

सकाळीं आम्हीं पैसे पुढें केले, तों गांवच्या पाटलांनीं हात मागें घेतला. “पाहुण्याचे घेत नाहीं, गुरुजी,” एवढेंच ते म्हणाले. शेवटीं शिदोरींतील चहासाखरेची पुडी तेवढी त्यांनीं ठेवून घेतली.