अण्णांची जीप आणि काळा ठोकळा

मंडळी, माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, हे वाक्य नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत मी किती सभांतून बोललो असेन, त्याचा हिशेब नाही. पण मोजमाप न करता काम केल्याने मी स्वतः कसा तोंडघशी पडलो, ते कुठल्याच सभेत सांगितले नाही. आज तुम्हांला सांगतो.

आमच्या घरी पेट्रोलवर चालणारी जुनी महिंद्र जीप आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1986 साली ती लिलावात घेतली. विलिस बनावटीचे चार सिलिंडरचे, सुमारे 2200 सीसीचे इंजिन. कार्बोरेटर थेट हेडवर बसतो आणि आमच्या गाडीत या दोहोंच्या मध्ये बेकलाईटचा एक काळा ठोकळा होता. अण्णा आता 82 वर्षांचे आहेत. मोटारसायकलवर मागे बसणे त्यांना झेपत नाही. मळ्यात जायचे तर जीपनेच.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत कार्बोरेटर साफ करून बसवताना मी नट जास्त आवळला आणि तो ठोकळा तडकला. तसा दुसरा मिळेना. आमच्या तालुक्याला जुन्या गाड्यांचे एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, चार दिवस थांबा. मापाने करून देतो." पण मी बीएस्सी ॲग्री! मनात म्हटले, मधला तुकडाच तर आहे. लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घेतला आणि बसवला. गाडी एका दमात सुरू झाली. मी खूश.

एप्रिलच्या एका दुपारी मळ्यातून परतताना वाटेत ओळखीचे भेटले. गाडी बंद करून दहा मिनिटे बोललो. नंतर किल्ली फिरवली, तर इंजिन नुसते फिरे, पेट घेईना. आजूबाजूला नांगरलेली रिकामी राने, सावलीला झाड नाही. पाऊण तासाने अण्णांना घेरी आली. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्हांला दवाखान्यात पोचवले. सलाईन लावावे लागले. अण्णा मला काही बोलले नाहीत. "गाडीत पाणी ठेवत जा," एवढेच म्हणाले. रागावले असते तर बरे वाटले असते.

संध्याकाळी जीप आपोआप सुरू झाली. चाचांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडले, ॲल्युमिनियमकडे पाहिले आणि विचारले, "साहेब, घरातल्या कुकरचा दांडा कशाचा असतो?"

मी गप्प झालो. कुकर ॲल्युमिनियमचा, पण दांडा बेकलाईटचा, हात भाजू नये म्हणून. ॲल्युमिनियम बेकलाईटपेक्षा शेकडो पटींनी जास्त उष्णता वाहून नेते. पेट्रोलचा हलका भाग तर 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतो. गाडी चालू असताना पंखा आणि पाणी इंजिनाला थंड ठेवतात. बंद केली की दोन्ही थांबतात, हेडची धग वर चढते आणि कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळते. थंडीत हे जाणवत नाही. म्हणून फेब्रुवारीत मी शहाणा ठरलो होतो.

चाचांकडे दुसऱ्या एका गाडीचा बेकलाईटचा ठोकळा पडला होता. तो आमच्या इंजिनाला बसवताना मी शेजारी उभा राहून पाहिले. तुमच्यापैकी कोणाकडे जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल.

आधी त्यांनी तडकलेला ठोकळा जोडून कागदावर त्याचा ठसा काढला. आमच्या स्टडांमधले अंतर 3 मिलिमीटरने जास्त होते. म्हणून त्यांनी नव्या ठोकळ्याची भोके गोल कानशीने बाहेरच्या अंगाला लांबट केली. आत एक केसही सरकले नाहीत, कारण स्टडाचे भोक आणि मधले मोठे भोक यांतली भिंत पातळ झाली तर हवा शिरते. मधले भोकही लहान होते. ते वर कार्बोरेटरच्या आणि खाली हेडच्या तोंडाशी जुळेपर्यंत वाढवले, नाहीतर काठावर पेट्रोलचे थेंब साचतात. घासताना नाकाला फडके बांधले होते, ती भुकटी छातीत जाऊ नये.

मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून ठोकळ्याच्या दोन्ही बाजू सपाट घासल्या. दोन्हीकडे नवे पॅकिंग घातले. ठोकळा किंचित जाड होता, म्हणून स्टड लांब घातले आणि ॲक्सिलरेटरचा दांडा व चोकची तार त्या उंचीला जुळवून घेतली. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. इंजिन सुरू करून सांध्याभोवती तेलाचे दोन थेंब सोडले. हवा शिरत असती तर इंजिनाचा आवाज बदलला असता. तो बदलला नाही. इथे तेलाऐवजी पेट्रोल कधीही वापरू नका, भडका उडेल.

असा ठोकळा न मिळाल्यास मोटारीच्या स्टार्टर बोर्डाला लागते ती हायलमची जाड शीट कापूनही करता येतो, असे चाचा म्हणाले. जाता जाता त्यांनी पेट्रोलची जुनी रबरी नळीही बदलायला लावली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, आपल्याच उसाचे, पण जुन्या रबराला ते मानवत नाही.

या सगळ्याला चाचांना चार दिवस लागले. हेच चार दिवस मला फेब्रुवारीत जड झाले होते.

तेव्हापासून कोणी बांधावर येऊन म्हणाले, "साहेब, शेजाऱ्याने अमुक खत टाकले, मीही टाकू का?" तर मी लगेच उत्तर देत नाही. शेजाऱ्याचा ठोकळा आपल्या इंजिनाला जसाच्या तसा बसत नाही. आधी आपले माप घ्यायचे, मग कानस हातात घ्यायची.

यंदाचा एप्रिल निभावला. अण्णा रोज मळ्यात जातात. जीपमध्ये पाण्याची कळशी असते, ती मात्र मी विसरत नाही.