गारवा येतो कुठून?

नागपूरचा मे महिना. दुपारी दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. खोलीत कूलर घरघरत होता आणि टेबलाखालचा संगणक त्याच्याहून मोठ्याने. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाचे काम दर अर्ध्या तासाला अडत होते. प्रोसेसरचे तापमान ९५ अंशांवर गेले की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी संथ व्हायचे, कधी बंदच पडायचे. शेवटी वैतागून त्याने धूळ उडवण्यासाठी आणलेला दाबाखालच्या गॅसचा डबा उलटा धरला. चालू संगणकात तो फवारणार, तोच मागून आवाज आला, "थांब!"

दारात वडील उभे होते. त्यांची तीस वर्षे फ्रिज-दुरुस्तीत गेली होती. गुडघ्यांनी साथ सोडली आणि दुकान बंद झाले. मुलाच्या शिक्षणाचा त्यांना अभिमान होता, पण संगणकातले आपल्याला काय कळणार, म्हणून ते त्या टेबलापासून दूरच राहत. मुलानेही कधी समजावून सांगितले नव्हते.

त्यांनी चष्मा पुसून डब्यावरची बारीक अक्षरे वाचली. "हा ज्वालाग्राही गॅस आहे. डबा उलटा धरलास की वाफेऐवजी द्रव बाहेर येतो. तो क्षणात उडून जातो आणि गारठा देतो, हे खरे. पण बंद खोलीत, विजेच्या चालू यंत्राजवळ? एक ठिणगी पुरे."

"पण बाबा, परदेशात गॅसवरच संगणक थंड केलेत!" मुलगा म्हणाला. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातील क्रायोटेक कंपनीने २००० सालच्या आरंभी असा संगणक विक्रीला आणला होता. पेटीतच फ्रिजसारखा कॉम्प्रेसर. त्याने एएमडीचा प्रोसेसर शून्याखाली सुमारे ४० अंशांपर्यंत थंड करून १००० मेगाहर्ट्झच्या वेगाने पळवला.

वडिलांचे डोळे लकाकले. "म्हणजे आमचाच धंदा की! अरे, वायू दाबला की तापतो. सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसा. ती उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकायची, म्हणजे वायूचा द्रव होतो. मग तो बारीक नळीतून सोडायचा. दाब उतरला की द्रव उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता शेजारच्या वस्तूकडून ओढून घेतो. फ्रिज गारवा तयार करत नाही रे, उष्णता इथून उचलून तिथे टाकतो."

"मग गच्चीवरच्या जुन्या फ्रिजमध्येच संगणक ठेवला तर?"

"शंभर वॅटचा पेटता दिवा आत ठेवून दार लावल्यासारखे होईल. घरचा फ्रिज अन्न थंड करून तसेच ठेवण्यासाठी असतो, सतत तापणाऱ्या वस्तूसाठी नव्हे. कॉम्प्रेसरला विसावाच मिळणार नाही. थंड नळी प्रोसेसरवर बसवलीस, तर तिच्यावर दव धरेल आणि थेंब विजेच्या भागांवर पडतील. शिवाय ती सगळी उष्णता, वर कॉम्प्रेसरची, याच खोलीत येणार. तुझा संगणक गार आणि आई घामाघूम!"

स्वयंपाकघरातून आईचे हसू ऐकू आले.

मग संगणक बंद करून वायर काढली गेली. वडिलांनी दुकानातला जुना ब्लोअर आणि ब्रश शोधून आणला. पंखा बोटाने धरून त्यांनी जाळीतली धूळ उडवली. पात्यांखाली धुळीचा चक्क नमदा जमला होता. प्रोसेसरवरचा लेप वाळून गेला होता. मुलाने तो पुसून नवा लावला. भिंतीला टेकलेली पेटी पुढे ओढली. रात्री तापमान ७८ अंशांच्या वर गेले नाही.

"त्या कंपनीच्या संगणकाचे पुढे काय झाले?" वडिलांनी विचारले.

"त्याचा मान दोनेक महिनेच टिकला. मार्च २००० मध्ये एएमडी आणि पाठोपाठ इंटेल, दोघांनीही साध्या पंख्यावर चालणारे तेवढ्याच वेगाचे प्रोसेसर आणले."

वडील थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग संकोचत म्हणाले, "हा वेग मोजतात तरी कसा?"

मुलाने उठून दुसरी खुर्ची टेबलाजवळ ओढली.