भडंग, चटणी आणि दोनशे किलोमीटर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी डिस्पॅच बघते. माल तयार झाला की तो कुठल्या ट्रकमधून, कुठल्या रस्त्याने, कधी पोचणार हे ठरवायचं. दिवसभर समोर एक्सेल, कानाला ड्रायव्हरचा फोन आणि बाजूला गार झालेला चहा. ग्लॅमर झीरो! पण या कामात एक आकडा डोक्यात फिट्ट बसतो. ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. २०२१ च्या जानेवारीपर्यंत ती शंभर किलोमीटरला एक दिवस होती, मग वाढवली. पुण्याचा माल असेल तर दोन दिवस, चेन्नईचा असेल तर पाच-सहा.

हा आकडा कधी ऑस्ट्रेलियात उपयोगी पडेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

झालं असं, की मेलबर्नच्या ताईचा रविवारी फोन आला. दाजींना लाँग सर्व्हिस लीव्ह मिळतेय. (तिकडे एकाच नोकरीत दहाएक वर्षं काढली की दोन महिन्यांची भरपगारी रजा मिळते. माझ्या ईएल किती उरल्यात ते विचारू नका.) दोघांनी ठरवलंय, गाडीमागे कॅराव्हॅन जोडायची आणि सप्टेंबरमध्ये मेलबर्नहून अॅडलेडमार्गे थेट पर्थ गाठायचं. एका बाजूने साधारण साडेतीन हजार किलोमीटर. सोबत भडंग आणि चटणी.

भडंग-चटणी म्हणजे शिदोरी नव्हे. ती ताईची दोन कुत्री. चार-पाच किलोची, पांढरी, माल्टीज जातीची. कोल्हापूरचं माणूस जगाच्या टोकाला गेलं तरी नावं अशीच ठेवणार.

''तू प्लॅन करून दे गं,'' ताई म्हणाली. ''रोज ट्रक पाठवतेस, आम्हालाही पाठव.'' आणि मग हळूच, ''आईला पण पाठव. मागच्या सीटवर जागा आहे.''

पहिलं काम सोपं होतं. दुसरं अवघड.

पहिल्यापासून सांगते. मी एक्सेल उघडली आणि सवयीप्रमाणे आधी अंतरं टाकली. दिवसाला सहाशे किलोमीटर धरले की सहा दिवसांत पर्थ. सही! शीट ताईला पाठवली. तिचं उत्तर आलं, ''ड्रायव्हर आमचे, पण पॅसेंजर भडंग आहे हे विसरलीस.''

खरंच विसरले होते. मग रोज रात्री जेवण झाल्यावर वाचायला लागले आणि कळलं, की छोटी कुत्री सोबत असली की नकाशा वेगळाच दिसतो. तिकडे चालू कॅराव्हॅनमध्ये कुणाला बसवता येत नाही, त्यामुळे कुत्री गाडीतच, हार्नेस लावून. दर दोन तासांनी थांबायचं. आणि थांबल्यावर ''तू बस हं गाडीत, आम्ही पटकन बघून येतो'' असं चालत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. बाहेर २९-३० अंश असले तरी बंद गाडीतला पारा दहा मिनिटांत चाळिशीला जातो. म्हणजे एकजण आत, एकजण बाहेर, किंवा कुणीच नाही.

मग आली नॅशनल पार्क्स. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक नॅशनल पार्कांत कुत्र्यांना बंदी. उलुरूचा तो लालभडक खडक बघायचा, तर कुत्री बाहेर ठेवूनच. ताईच्या यादीतली निम्मी ठिकाणं कटाप! आडबाजूच्या रानात आणखी एक भानगड. तिथे कोल्हे आणि रानकुत्री मारायला १०८० नावाचं विष मांसाच्या तुकड्यात घालून टाकतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही झाडांत हे विष निसर्गतःच असतं, म्हणून तिथल्या मूळ प्राण्यांना ते बरंचसं पचतं. कुत्र्याला मात्र एखादा तुकडाही पुरतो. आणि भडंग तर रस्त्यात पडलेलं काहीही तोंडात घालणारा. त्याच्यासाठी जाळीचं मुसकं, असा एक रकाना वाढला.

पुढे गोचीड. आपल्याकडे घरोघरी कुत्र्यांना होणारा गोचीडताप, म्हणजे एर्लिकिया, ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये पहिल्यांदा स्थानिक कुत्र्यांत सापडला आणि तोही पश्चिम आणि उत्तर भागात. म्हणजे गोचिडाचं औषध निघण्याआधीच सुरू.

या सगळ्यातला राजा म्हणजे नलारबॉर. सिडुना ते नॉर्समन बाराशे किलोमीटर माळ. त्यात एक रस्ता १४६.६ किलोमीटर नाकासमोर सरळ, एकही वळण नाही. काही ठिकाणी दोन पेट्रोल पंपांमध्ये दीडशे-दोनशे किलोमीटरचं अंतर. २०१९ च्या डिसेंबरात तिथे ४९.९ अंश तापमान नोंदवलं गेलं, म्हणून ट्रिप सप्टेंबरमध्येच, तिकडच्या वसंतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर तपासणी नाका. फळं, भाज्या, मध, सगळं तिथेच टाकून द्यायचं. (आईने डबे भरून दिले तर काय, हा प्रश्न मी लाल रंगात लिहून ठेवला.)

बाराशे किलोमीटरचे दिवस किती धरायचे यावर मी बराच वेळ अडकले. आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. दोनशेला एक दिवस. सहा दिवस! ई-वे बिल झिंदाबाद. आख्खी शीट त्या हिशोबाने पुन्हा बांधली. ताई म्हणाली, ''आता कसं, कुत्र्याच्या पायाने चाललंय.''

आता दुसरं काम. आई.

ताई २०१२ ला गेली. त्यानंतर आईने तिचं घर फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलंय. २०१९ ला तिकीट काढायचं ठरत होतं, तर ऑगस्टमध्ये महापूर आला. शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी, ट्रकच्या रांगा, आमचा डिस्पॅच कित्येक दिवस ठप्प. ''पुढच्या वर्षी जाऊ की,'' आई म्हणाली. पुढच्या वर्षी कोरोना. ऑस्ट्रेलियाने पर्यटकांसाठी दार उघडलं ते थेट २०२२ च्या फेब्रुवारीत. आणि तोवर चिंगीचं हृदय मोठं झालं होतं.

चिंगी आमची पॉमेरियन. ताई गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून आणलेली. आता वय अकरा. छोट्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळायला लागते, तसं तिचं झालंय. सकाळ-संध्याकाळ गोळी, तीही आईच्याच हातून. मी दिली तर थुंकते. सरळ माझ्या पायावर.

''चिंगीला घेऊनच जाऊया की,'' मी उत्साहात म्हणाले आणि तेही शोधलं. लोच्या! ऑस्ट्रेलियाच्या मान्य देशांच्या यादीत भारत नाही. कुत्र्याला आधी यादीतल्या एखाद्या देशात न्यायचं, रेबीजची रक्ततपासणी, १८० दिवसांची वाट आणि मग मेलबर्नजवळ मिकलहॅमला सरकारी क्वारंटाइन. तिथे कुत्र्यांचा रेबीज नाही आणि तो येऊ द्यायचा नाही, एवढं साधं कारण. तिथे वशिला चालत नाही. २०१५ मध्ये जॉनी डेप आणि अँबर हर्ड खासगी विमानातून दोन यॉर्कशायर टेरियर न सांगता घेऊन गेले, तर तिथल्या कृषिमंत्र्यांनी, बार्नबी जॉइस यांनी, कुत्री परत न्या नाहीतर मारावी लागतील असं जाहीर सांगितलं. कुत्री परत गेली. २०१६ मध्ये अँबर हर्डने फॉर्मवर खोटी माहिती दिल्याचं कोर्टात कबूल केलं आणि दोघांचा माफीचा व्हिडिओ जगभर फिरला. जिथे डेपची डाळ शिजली नाही, तिथे चिंगीचं काय?

म्हणजे दोनच पर्याय. आई जाणार आणि मी चिंगीपाशी राहणार. किंवा नेहमीसारखं, पुढच्या वर्षी.

मला आईला समजवायचं होतं, पण तिचा खरा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. मला वाटायचं, विमानाची भीती असेल, किंवा एवढ्या लांबच्या रस्त्याची. शेवटी एका संध्याकाळी ती स्वतःच बोलली. ''मी तिकडं असताना हिला काय झालं तर?''

याचा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता.

उत्तर नव्हतं, म्हणून मी ट्रायल घेतली. आमच्या कामात नवा ट्रान्स्पोर्टर घेतला की आधी एक जवळची खेप देऊन बघतात, तसं. पहिली खेप, आई आठ दिवस मामाकडे. चिंगी दोन दिवस उंबऱ्यावर बसून राहिली, जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उकडलेल्या चिकनमध्ये दडवलेली गोळी माझ्या हातून खाल्ली. मी ऑफिसात पेढे वाटायच्या बेतात होते.

दुसरी खेप जानेवारीत. मैत्रिणीची ईको घेतली, मागची सीट पाडून त्यावर गादी टाकली, झाली आमची कॅराव्हॅन. गगनबावडा, मालवण, वेंगुर्ला, आंबोली आणि परत. चारशेच्या आत-बाहेर किलोमीटर, चार दिवस. नियम ऑस्ट्रेलियाचेच. दाजीपूरचं अभयारण्य कटाप. किनाऱ्यावर पट्टा सोडायचा नाही, कारण त्या दिवसांत समुद्री कासवं अंडी घालतात आणि कुत्री ती उकरतात. घाटात चिंगी ओकली, आईच्या मांडीवर. मी शीटमध्ये दुरुस्ती केली, घाटाआधी तीन तास खाणं बंद. वेंगुर्ल्याला संध्याकाळी आई पाय पसरून वाळूत बसली, चिंगी शेजारी, आणि म्हणाली, ''दिवसाला एवढंच ना जायचं तिकडं? मग जमंल मला.''

परत आल्यावर तिने स्वतःहून पासपोर्टची पिशवी काढली. एक अट घातली मात्र. ''काय झालं तर मला लगेच सांगायचं. ट्रीप संपायची वाट बघायची न्हाई.''

मी हो म्हणाले. पटकन नाही म्हणाले. कारण आपल्याकडे लांब असलेल्या माणसाला वाईट बातमी उशिराच सांगायची पद्धत आहे आणि मीही तेच करणार होते. ''कशाला तिचा मूड घालवायचा'' हे वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. आईने ते आधीच ओळखलं.

तर आता शीटमध्ये शेवटचा रकाना भरतेय. नलारबॉरवर सगळीकडे मोबाइलला रेंज नसते, पण रोडहाऊसच्या आसपास बहुतेक मिळते. म्हणून रोजचा मुक्काम असा ठरवतेय, की संध्याकाळी फोन लागेल. त्यासाठी एके दिवशी दोनशेऐवजी एकशेसाठच किलोमीटर होतात. ताई कुरकुरली, मग गप्प बसली.

मागच्या सीटवर डावीकडे भडंग, उजवीकडे चटणी, मध्ये आई. मी इथेच असेन, शिरोलीत. डिस्पॅचवाला कधी ट्रकमध्ये बसत नाही. पण गाडी कुठे पोचली हे रोज संध्याकाळी त्याला माहीत असतं. चिंगीची संध्याकाळची गोळी देऊन झाली, की फोन लावायचा. शीटमध्ये तशी वेळ टाकलीय.