पट्टा घसरतो तेव्हा

यंत्र पूर्णपणे बंद पडले, तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते. यंत्र सुरू आहे, आवाज येतो आहे, वीजही खर्च होते आहे आणि तरीही काम होत नाही, ही अवस्था अधिक फसवी. पिठाची गिरणी चालविणाऱ्याला ती चांगली ठाऊक असते. मोटार गरगर फिरते, जाते मात्र मंदावते आणि रबर तापल्याचा वास सुटतो. पट्टा घसरत असतो. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांपूर्वीची विजेची तीनचाकी हौसेने जपणाऱ्यांनाही नेमका हाच अनुभव येतो.

या तीनचाकीचे नाव सिंक्लेअर सी-५. स्वस्त घरगुती संगणक बनवून नाव कमावलेल्या सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १० जानेवारी १९८५ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये ती लोकांसमोर आणली. किंमत ३९९ पौंड. ब्रिटनमध्ये १९८३ साली झालेल्या नियमांनुसार पायडल असलेले, ताशी १५ मैलांच्या मर्यादेतील विजेचे वाहन चौदा वर्षांवरील कोणालाही परवान्याशिवाय चालविता येत असे. गाडी त्या मर्यादेतच बसविली होती. २५० वॅटची मोटार, १२ व्होल्टची बॅटरी, प्लास्टिकची काया आणि बॅटरीसह सुमारे ४५ किलो वजन. चालक जवळजवळ पाय पसरून बसे आणि हँडल त्याच्या गुडघ्यांखाली असे. गाडीची जुळणी वेल्समधील मर्थर टिडफिल येथे हूवर कंपनीच्या कारखान्यात होई. ही कंपनी धुलाई यंत्रांसाठी प्रसिद्ध, म्हणून गाडीत धुलाई यंत्राचीच मोटार आहे अशी वदंता पसरली. ती खरी नव्हती.

व्यवहाराच्या दृष्टीने हा प्रयोग साफ फसला. ऐन हिवाळ्यातले उद्घाटन, पावसापासून आडोसा नाही, मालमोटारींच्या चाकांच्या उंचीवर बसून रस्ता कापायचा आणि चढ आला की पायडल मारायचे, हे ग्राहकाला रुचले नाही. सुमारे १४,००० गाड्या तयार झाल्या, पण कंपनी बुडेपर्यंत जेमतेम ५,००० विकल्या गेल्या. ऑक्टोबर १९८५ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. ज्या वाहनाची त्या काळी थट्टा झाली, तेच आज संग्राहकांच्या गॅरेजमध्ये मानाने उभे असते. मात्र ते बनविणारा कारखाना, त्याची सेवाकेंद्रे आणि सुट्या भागांची कोठारे यांपैकी काहीही उरलेले नाही. म्हणून अशा गाडीची साधी दुरुस्तीही जोखमीची ठरते. उतावीळपणे एखादा भाग मोडला, तर त्याची भरपाई पैशानेही सहजी होत नाही.

गाडीतील मोटार मिनिटाला ४,१०० फेऱ्यांपर्यंत फिरते, पण तिची ताकद बेताची. म्हणून दोन टप्प्यांत वेग घटवून पीळ सुमारे तेरापट वाढविला जातो आणि मग तो चाकापर्यंत पोहोचतो. या वाटेवर पट्टा घसरू लागला, की सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. चढ आला की मोटारीचा सूर एकदम वर चढतो, गाडीचा वेग मात्र उतरतो. मोटार अडकून पडली तर तिच्यातून १४० अँपिअरपर्यंत प्रवाह वाहू शकतो आणि अशा वेळी गाडीतील इलेक्ट्रॉनिक रक्षक चार सेकंदांत तिला बंद करतो. पण पट्टा घसरतो तेव्हा मोटार अडकत नाही, ती फिरतच असते. रक्षकाच्या लेखी सर्व ठीक चाललेले असते. खतावणी जुळते आणि तिजोरीत रक्कम नसते, त्यातलाच हा प्रकार. येथे मालकाच्या कानालाच पहारा द्यावा लागतो.

दुखणे लांबणीवर पडण्याचे आणखी एक कारण आहे. पायडलची साखळी वेगळी असल्यामुळे पट्टा घसरला तरी पाय मारीत घर गाठता येते. काम भागते, म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते. दरम्यान घसरणीच्या उष्णतेने रबर कडक आणि चकचकीत होते, पकड आणखी कमी होते आणि घसरण वाढते.

अखेर मालक पाना हाती घेतो, तेव्हा पहिला मोह होतो तो पट्टा ताणण्याचा. तसे केल्यास आवाज थांबतो आणि समाधानही वाटते. परंतु अतिताणाचा सगळा भार मोटारीच्या आसावर आणि बेअरिंगवर पडतो. पट्टा बाजारात मिळू शकतो, ती मोटार मिळणे कठीण. स्वस्त वस्तूचा दोष महाग वस्तूच्या माथी मारण्याचा हा सौदा आहे.

पट्टा पुलीला कसा धरतो, याचे गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने मांडले. पुलीवर पट्ट्याचा वेढा जितका अधिक, तितकी पकड वाढते, आणि तीही बेरजेने नव्हे तर चक्रवाढीने. घर्षणांक ०.३ धरला आणि वेढा अर्ध्या वर्तुळाचा, म्हणजे १८० अंशांचा असला, तर ताणलेल्या बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे २.६ पट होईपर्यंत पट्टा घसरत नाही. वेढा १२० अंशांवर आला तर हे प्रमाण १.९ पटीपर्यंत खाली येते. घर्षण घटले तरी परिणाम तसाच होतो. म्हणजे तेलाचा एक थेंब किंवा झिजलेली खाच पकडीवर चक्रवाढीने आघात करते. नुसता ताण वाढवून ही तूट भरून काढणे म्हणजे मुद्दल बुडत असताना नवे कर्ज घेणे.

म्हणून शहाणा मालक क्रमाने जातो. प्रथम बॅटरीची जोडणी काढतो. मग मागचे चाक उचलून हाताने फिरवितो. ब्रेक घासत असेल किंवा चाक जड फिरत असेल, तर पट्टा निर्दोष आहे, त्याच्यावर लादलेले ओझेच जास्त आहे. टायरमधील हवाही तो पाहून घेतो. त्यानंतर पट्टा काढून तो उलटा वाकवितो. रबराला भेगा असतील, कडा झिजल्या असतील किंवा पृष्ठभाग आरशासारखा चमकत असेल, तर तो बदलायलाच हवा. गाडी वर्षानुवर्षे उभी असली तरी रबर म्हातारे होतेच. साखळीचे तेल उडून पट्ट्यावर आले आहे काय, तेही तो तपासतो. पुल्यांच्या खाचांतील काळी भुकटी स्पिरिटच्या फडक्याने पुसून काढतो आणि सरळ पट्टी लावून दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत याची खात्री करतो. पूर्वी गिरणीच्या चामडी पट्ट्याला राळ लावीत. तो उपाय रबरी पट्ट्याला लागू नाही. राळेने क्षणभर चिकटपणा येतो, नंतर तिच्यावर धूळ बसते.

हे सारे झाल्यावर नवा पट्टा बसवायचा आणि ताण द्यायचा तो चढावर घसरण थांबण्याइतकाच. नवा पट्टा थोडासा सैलावतो, म्हणून काही मैल चालवून ताण पुन्हा पाहावा लागतो. एवढा धीर ज्याच्याजवळ असतो, त्याची मोटार टिकते.

पट्ट्याचे मोल गाडीच्या तुलनेत नगण्य. परंतु मोटारीची ताकद चाकापर्यंत पोहोचते ती त्याच्याच भरवशावर. तो कुरकुरू लागला की त्याला आवळण्याआधी त्याच्यावर कोणते ओझे आहे, त्याच्या वाटेत काय सांडले आहे आणि तो किती वर्षांचा झाला आहे, एवढे तीन प्रश्न विचारावेत. घरात राबणाऱ्या माणसांनाही हे प्रश्न विचारण्यास हरकत नाही.