वखारीचा काटा

काळाचौकीसारख्या गिरणगावातील वस्तीत जळाऊ लाकडाची वखार, म्हणजे ओंडके फोडून, वाळवून वजनावर विकण्याची जागा, हा अल्प भांडवलाचा परंतु मालकाच्या सचोटीची रोज परीक्षा पाहणारा व्यवसाय होय. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते सुकेपर्यंत पैसा अडकतो आणि काट्यावरचे वजनही घटते, म्हणून ओला माल तसाच खपवण्याचा मोह मोठा असतो. मात्र अशा व्यवहारात गिऱ्हाईक लाकडाच्या भावाने पाणी विकत घेते आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत व छातीत धूर जातो, हे अक्षम्यच. वाळलेल्या फाट्याच्या टोकाला चिरा पडतात, साल सुटते आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो.

अशाच चुलींवर रांधून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. पुढे १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरण्यांबरोबर त्या पंगतीही विस्कटल्या. चुलींची जागा गॅसने घेतली, तरी बेकऱ्यांच्या भट्ट्या लाकडावर चालत राहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. शहराच्या हवेसाठी हा आदेश योग्यच आहे. मात्र भट्टी बदलणाऱ्या बेकरीवाल्याइतकाच विचार लाकूड फोडून पोट भरणाऱ्या मजुराचाही व्हायला हवा.