उरलेली कुलुपे

टेक्सासला भाचीकडे गेलो होतो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी घरी बोलावून मला एक खण उघडून दाखविला. आत तारेची कुलुपेच कुलुपे! तिकडे २००५ च्या कायद्याने परवानाधारक दुकानदाराला पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा तसलेच साधन द्यावे लागते. पिस्तूल रिकामे करून त्यातून ही तार ओवली, की ते चालत नाही. आजोबांनी पुढे पोलादी कपाट घेतले आणि कुलुपे उरली. एक बागेच्या फाटकाला लागले, एक सुतारकामाच्या पेटीला.

"घ्या एखादे!" ते म्हणाले. फुकटचे कुलूप कोण सोडतो? मी बॅगेसाठी एक उचललेच.

एवढ्यात भाचीचा धाकटा खेळायला आत धावला. तिने त्याला दारातच धरले आणि शांतपणे विचारले, "सगळी कपाटातच आहेत ना?"

आजोबा घुटमळले. मग खणातले एक कुलूप घेऊन मुकाट्याने निजायच्या खोलीत गेले. परत आले ते रिकाम्या हातांनी.

मीही माझे कुलूप हळूच खणात ठेवले. उशाशी एक पिस्तूल उघडे असताना कुलुपे 'उरली' म्हणायचे तरी कसे?