तीनशे चोपन्न रुपयांचा प्रश्न

परवा पुसदहून मामेबहिणीचा फोन आला होता. तिचा मुलगा पुण्याची नोकरी न सोडता घरी राहून काम करायचं म्हणतोय, तर घरी नेट चांगलं हवं. "ताई, तुमच्याकडे कोणतं आहे? स्वस्त कोणतं आणि चांगलं कोणतं, एवढंच सांग." गेल्या दोन-तीन वर्षांत हाच प्रश्न मला नात्यातल्या पाच-सहा जणांनी तरी विचारलाय. दर वेळी तेच ते फोनवर सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. मी गणिताची बाई, त्यामुळे थोडे आकडे येणार. त्याला इलाज नाही :-)

आधी थोडं मागचं. यवतमाळात हा प्रश्न तसा नवाच आहे. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. आपल्यापर्यंत ते आलं सायबर कॅफेतून. दत्त चौकाच्या बाजूला तासाचे पैसे मोजून बसायचं, दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी तर बाहेर रांग. मग घरी डायल-अप. नेट लावलं की फोन बंद, फोन आला की नेट बंद. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड सुरू केलं आणि काही वर्षांनी ते आमच्याही घरी आलं. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या होती. म्हणजे तीन एमबीचा एक फोटो उतरायला दीड मिनिट! (२०२३ पासून हीच व्याख्या दोन एमबीपीएसची झाली आहे.) त्यात पाचशेच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असायचा. कितीतरी घरांत पोरं गजर लावून दोन वाजता उठायची. आईबाप खूश, की अभ्यासाला उठला. तो उठलेला असायचा सिनेमा डाउनलोडला लावायला.

सांगायचा मुद्दा असा की तेव्हा निवड हा प्रकारच नव्हता. कनेक्शन मिळालं यातच आनंद. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइलवरचा डेटा एकदम स्वस्त झाला. २०१९ मध्ये त्यांचं घरगुती फायबर सुरू झालं, २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरोघरी शाळा आणि ऑफिसं भरली, आणि बघता बघता खांबांवर वायरींचे भेंडोळे लटकायला लागले. आज आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर चार जणांच्या वायरी आहेत. आता निवडा!

आमच्याकडे निवडायची वेळ आली तेव्हा टेबलावर दोन पत्रकं होती. एक ३९९ रुपयांचं, ३० एमबीपीएस. दुसरं ६९९ चं, १०० एमबीपीएस. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, जो पत्रकात बारीक अक्षरात असतो. म्हणजे एक पडणार ४७१ ला आणि दुसरं ८२५ ला. फरक महिन्याला ३५४ रुपये, वर्षाला ४,२४८. ह्यांचं म्हणणं, "सगळीकडून नेट तेच येतं, मग जास्तीचे पैसे कशाला?" लेकीचं म्हणणं, "बाबा, शंभरवालंच घ्या." दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी लेकीला विचारलं, तुला एका व्हिडिओ कॉलला किती लागतं? तर तीन-चार एमबीपीएस. टीव्हीवर एचडी सिनेमा बघायला पाच. आजोबांचं यूट्यूबवरचं कीर्तन त्याहून कमी. सगळे एका वेळी बसले तरी पंधराच्या वर जात नाही. मग ३० आणि १०० मधला फरक आमच्या घराला कळणार कधी? मोठी फाइल उतरवताना, एवढंच. म्हणजे आम्ही ज्या आकड्यावरून भांडत होतो, त्याचा आमच्या प्रश्नाशी फारसा संबंधच नव्हता.

आमचा प्रश्न वेगळा होता. माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांना एकटं सोडता येत नाही. दिवसा मी आणि हे कामावर. लेकीच्या पुण्याच्या कंपनीने तिला यवतमाळहून काम करायची परवानगी दिली ती या अटीवर, की सकाळची आणि संध्याकाळची मीटिंग चुकता कामा नये. तिच्या खोलीचं दार उघडं असतं, आजोबांची कॉट समोर दिसते, मधेच उठून ती त्यांना पाणी देते. नेट दोन-चारदा दगा देऊन गेलं असतं, तर साहेबांनी सांगितलं असतं, बाई, तू पुण्यालाच ये. मग रात्रभराची ट्रॅव्हल्स, पुण्यात खोलीचं भाडं, आणि इकडे आजोबांजवळ कोण? ४,२४८ रुपये मी या सगळ्याशेजारी ठेवून पाहिले. पुण्याच्या खोलीचं एका महिन्याचं भाडंसुद्धा त्यात येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग महागातलं घेतलं असेल. थांबा.

समजा एखादी कंपनी म्हणाली की आमचं नेट ९९ टक्के वेळ चालू असतं. परीक्षेत ९९ टक्के म्हणजे पेढे वाटायचे. पण महिन्याचे तास ७२०, त्याचा एक टक्का म्हणजे सात तास बारा मिनिटं बंद. ते सात तास पहाटे गेले तर कोणाला कळणारही नाही. सोमवारी सकाळी दहाला गेले तर आमच्या घरातली सगळी घडी विस्कटली. आणि हे दोन्ही पत्रकांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ३९९ च्या नाही, ६९९ च्याही नाही.

म्हणून मी सरळ गल्लीत फिरले. ज्यांच्याकडे कनेक्शन आहे अशा नऊ घरांत जाऊन तीनच प्रश्न विचारले. गेल्या सहा महिन्यांत कितीदा बंद पडलं? सुरू व्हायला किती वेळ लागला? आणि दुरुस्तीला आलं कोण? तिसऱ्या प्रश्नाने निकाल लावला. महागातल्या कनेक्शनवाल्या दोघांनी सांगितलं, की तक्रारीचा नंबर मिळतो, मेसेज येतो, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस येतो, दर वेळी नवा. मधल्या दराच्या एका कनेक्शनची वायर आपल्याच भागातला केबलवाला सांभाळतो. त्याच्याबद्दल एक काकू म्हणाल्या, "बंद तं तेही पडते बाप्पा, पण पोरगं दोन घंट्यात येते." गंमत म्हणजे त्याच महागड्या कंपनीचं माझ्या मैत्रिणीकडे आर्णी रोडला उत्तम चालतं, कारण तिथे त्यांचा माणूस जवळ राहतो. एकच कंपनी, एकच प्लॅन, एकच पैसे, आणि दोन रस्त्यांवर दोन तऱ्हा.

याचं कारण समजून घेतलं तेव्हा मला ते पटलं. फायबर म्हणजे काचेचा केसासारखा धागा. कंपनीकडून आलेल्या एका धाग्याच्या खांबावरच्या छोट्या डब्यात फांद्या होतात आणि ३२ किंवा ६४ घरांना जातात. धाग्यावर साधारण अडीच जीबीपीएस येतात, ते सगळ्यांत वाटून. मागची वाटणी आणखी वेगळी. ट्रायने २००९ मध्येच घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नासपेक्षा जास्त वाटेकरी नकोत असं सुचवलं होतं. रात्री नऊला सगळी गल्ली एकदम बसली की सिनेमा का अडकतो, ते यात आलं. आणि धागा तुटला, म्हणजे वादळात फांदी पडली, वानरांनी वायर ओढली, रस्ता खोदला, तर तो पिळून चिकटपट्टी लावून जोडता येत नाही. त्याला जोडणीचं खास मशीन लागतं आणि ते चालवणारा माणूस लागतो. तो माणूस किती लांब राहतो, यावर तुमचं नेट कधी येणार ते ठरतं.

केबलवाल्या मुलाला मी विचारलं, मशीन तुमचं स्वतःचं आहे का? म्हणाला, "हो काकू, दुकानातच आहे. तुम्ही फक्त लाल दिवा दिसला का फोन करा, मी येऊन जातो." त्याचा दर दोन पत्रकांच्या मधला. तेच घेतलं. वर्षाचे एकदम भरले तर एक महिना मोफत होता, तो मोह टाळला आणि पहिले तीन महिने महिन्याचेच भरले. शिवाय दोन गोष्टी केल्या. फायबरचा डबा आणि राउटर चालू राहावेत म्हणून एक छोटा यूपीएस घेतला, कारण वीज गेली की नेट जाणारच, मग कंपनी कोणतीही असो. आणि लेकीच्या टेबलापर्यंत सरळ वायर ओढून घेतली. आमच्या जुन्या घराच्या भिंती जाड, वायफाय तिथवर पोचेपर्यंत दमून जायचं. "नेट खराब आहे" अशा तक्रारींतल्या बऱ्याच खरं तर भिंतींच्या असतात :-)

दोन वर्षं झाली. सात-आठ वेळा बंद पडलं. एकदा जूनच्या वादळात झाड पडलं तेव्हा पूर्ण दिवस गेला, लेकीने मोबाइलच्या डेटावर निभावलं. तिची नोकरी आहे, ती इथे आहे, आजोबा आता तिच्या मीटिंगा संपायची वाट बघतात.

पण म्हणून सगळ्यांनी हेच करावं असं नाही. आमच्या शेजारी निवृत्त जोडपं आहे. रविवारी नातवाशी बोलायचं, बातम्या बघायच्या, भजनं ऐकायची. त्यांना मीच सगळ्यात स्वस्तातलं घ्यायला सांगितलं. एक दिवस बंद पडलं तर नातू सोमवारी दिसेल. त्यांनी जास्तीचे साडेतीनशे का द्यावेत? त्या पैशात त्यांची बीपीची गोळी येते.

आणि हेही विसरत नाही, की निवडीचा हा प्रश्न पडतो तेच नशीब. आपल्या जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. २०२० मध्ये आमच्या वर्गातली काही मुलं गच्चीवर, झाडाखाली, जिथे रेंज मिळेल तिथे बसून तास ऐकायची. घरात फोन एकच, आणि बाबा शेतात गेले की तोही शेतात. त्यांच्यापुढे स्वस्त की चांगलं हा प्रश्न नव्हताच.

असो. तर माझ्या बहिणीला आणि पुढे विचारणाऱ्या सगळ्यांना उत्तर हे असं आहे. यवतमाळला आमच्या गल्लीत काय चांगलं आहे ते पुसदला तुमच्या गल्लीत उपयोगाचं नाही. आधी घरात बसून ठरवा, नेट एक दिवस गेलं तर तुमचं काय अडेल. काहीच अडत नसेल तर डोळे मिटून स्वस्तातलं घ्या आणि उरलेल्या पैशांची मजा करा. अडत असेल तर पत्रकं बाजूला ठेवा, संध्याकाळी चपला घाला आणि शेजारपाजारची आठ-दहा घरं फिरून या. चहाही मिळेल.